चौकीबाहेरची बाई

शिबिरात दुपारच्या जेवणानंतर एखादा लघुपट दाखवायचा, ही आता आपल्या संघटनांची रीतच होऊन बसली आहे. भाषणाला पेंगणाऱ्या बायका पडद्यासमोर सावरून बसतात, हे त्याचे सरळ कारण. पूर्वी हे काम पथनाट्य आणि गाणी करीत. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेचे, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेले 'मुलगी झाली हो' आले आणि गावोगावी गेले. त्याला माणसे लागत, तालीम लागे, ढोलकी लागे. आता एक प्रोजेक्टर आणि भिंतीला ठोकलेली चादर असली की भागते. तेवढेही नसेल तर मोबाइल हातोहात फिरतो. सोय झाली हे खरे. पण सोयीची गोष्ट फारसा विचार न करता वापरली जाते, आणि लघुपटांच्या बाबतीत तेच होऊ लागले आहे.

मी बोलते आहे ते जात, वंश आणि पोलिस यांच्याविषयीच्या लघुपटांबद्दल. असे पट आता पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही फार चांगले आहेत. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' बहुतेकींनी पाहिला असेल. शाळेची ओढ लागलेल्या पारध्याच्या पोराची ही छोटीशी गोष्ट. दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' नंतर आले. २००५ मधला 'अ‍ॅक्टिंग लाइक अ थीफ' त्यामानाने आपल्याकडे कमी फिरला. तो अहमदाबादच्या छारानगरमधल्या बुधन थिएटरवर आहे. छारा म्हणजे गुजरातेतली विमुक्त जमात. आपल्या कंजारभाटांशी त्यांचे भाषेचे आणि कुळाचे नाते सांगितले जाते. या मंडळींचे पहिले नाटक होते 'बुधन'. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा आदिवासी तरुण पोलिसांनी पकडून नेल्यानंतर मेला, त्याच्यावरचे. महाश्वेतादेवींच्या पुढाकाराने ते प्रकरण कोलकात्याच्या उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने बुधनच्या बायकोला, श्यामलीला, नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. ज्यांना सगळे शहर चोर म्हणते, त्याच पोरापोरींनी चौकात उभे राहून पोलिस आणि चोर दोघांच्याही भूमिका करायच्या, यातली धग त्या छोट्या पटात उतरली आहे.

परदेशातला एक सांगते. 'टू डिस्टंट स्ट्रेंजर्स' या अमेरिकन लघुपटाला २०२१ चे ऑस्कर मिळाले. एक काळा तरुण सकाळी घरी निघतो. त्याच्या कुत्र्याला खायला घालायचे असते, इतकेच. रस्त्यात गोरा पोलिस त्याला अडवतो आणि तो मारला जातो. डोळे उघडतो तर पुन्हा तीच सकाळ. तो वेगळ्या रस्त्याने जातो, वेगळे बोलतो, अदबीने बोलतो, तरी मरतो. काय केले म्हणजे आपण पोलिसाला गुन्हेगार दिसणार नाही, याचे उत्तर त्याला सापडत नाही. आपल्या पारधी वस्तीतल्या कोणत्याही माणसाला हा पट भाषेशिवाय कळेल. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे आपल्याला काय, असे महाराष्ट्रात तरी कुणी विचारू नये. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव कुठून घेतले, ते सर्वांना ठाऊक आहे.

तर पट चांगले आहेत. माझा मुद्दा त्यांच्यात कोण मध्यभागी आहे हा आहे. शाळेत जाऊ न शकणारा मुलगा, पोलिसांनी उचललेला तरुण, कोठडीत मेलेला नवरा. कॅमेरा त्याच्याबरोबर चालतो, त्याच्याबरोबर गाडीत बसतो, आणि तो संपला की पटही संपतो. जी मागे राहते ती चौकटीच्या कडेला थोडी दिसते. रडताना.

पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात काम करणाऱ्या कार्यकर्तीला विचारा, ती सांगेल की खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. रात्री नवऱ्याला किंवा पोराला संशयावरून उचलले. कोणत्या चौकीत ठेवले हे सांगायला कुणी बांधील नाही अशा थाटात तिला चार ठिकाणी फिरवले जाते. हातात डबा, कडेवर धाकटे. कंत्राटी कामावर असेल तर खाडा पडतो आणि तिसऱ्या खाड्याला कंत्राटदार दुसरी बाई घेतो. धुण्याभांड्याची कामे असतील तर ती आधीच धोक्यात, कारण निगडी-प्राधिकरणातल्या एखाद्या बंगल्यात बांगडी सापडेनाशी झाली की पहिल्यांदा वस्तीतल्या मोलकरणीलाच चौकीत बोलावतात. बांगडी नंतर कपाटात सापडली तरी तिला कुणी परत बोलावून माफी मागत नाही. मग जामीन. जामीनदाराला कागद लागतात, आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही, घराची नोंद नाही, ज्यांचे रेशनकार्ड दुसऱ्या जिल्ह्यातले आहे, त्यांना जामीनदार कुठून मिळणार? मंगळसूत्रातले मणी सोनाराकडे जातात. पोरगा सुटून आला तरी नावावर केस राहते. कारखान्यात लागायचे तर पोलिस व्हेरिफिकेशनचा दाखला मागतात, आणि तो स्वच्छ मिळत नाही. म्हणून तो पुन्हा नाक्यावर, आणि नाक्यावर उभा म्हणून पुन्हा संशयित.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन. गुन्हा शाबीत झालेला नाही, पण आत. यांतल्या बहुतेकांच्या मागे बाहेर एक बाई असणार. तिची मोजणी कुठल्याही अहवालात नाही.

हे सगळे कंटाळवाणे आहे, पडद्यावर काय दाखवणार, असे एखादा दिग्दर्शक म्हणेल. रांगेत बसणे, झेरॉक्स काढणे, वकिलाची वाट पाहणे यात नाट्य नाही म्हणे! बाईच्या कामात नाट्य नसते हे आपण स्वयंपाकघरापासून ऐकत आलो आहोत.

पण याहून अवघड मुद्दा पुढे आहे, आणि तो पिंपरीतच समोर आला. पिंपरीचे भाटनगर ही कंजारभाट समाजाची मोठी वस्ती. महाराष्ट्राच्या १४ विमुक्त जातींच्या यादीत हा समाज आहे, म्हणजे ज्यांच्यावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांच्यातला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या डोक्यातली यादी तशीच राहिली. जानेवारी २०१८ मध्ये याच वस्तीत एका लग्नाच्या वेळी तीन तरुणांना मारहाण झाली. त्यांचा अपराध असा की समाजातल्या नव्या मुला-मुलींनी लग्नाच्या रात्री घेतल्या जाणाऱ्या कौमार्य परीक्षेविरुद्ध मोहीम उघडली होती आणि ते तिच्यात होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात, ही परीक्षा नाकारून लग्न केलेल्या एका तरुणीला नवरात्रात वस्तीतला दांडिया खेळू दिला नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा तेव्हा नुकताच, २०१७ मध्ये, अमलात आला होता. त्याखाली गुन्हा दाखल झाला.

त्या परीक्षेचे वर्णन मी इथे करत नाही. वाहिन्यांनी ते पुरेसे केले, दिवसभर, त्याच त्या चादरीचे चित्र फिरवून. आणि इथेच कॅमेऱ्याचे दुसरे रूप दिसले. 'पिस्तुल्या' पाहून ज्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाला पारध्याचा पोर आपला वाटला होता, त्यालाच भाटनगरच्या बातम्या पाहून वाटले की हे लोक मुळातच रानटी. समाजातल्या तरुणींनी धोका पत्करून जे आतून मांडले होते, ते बाहेर आले तेव्हा त्याचे आरोपपत्र झाले होते, आणि आरोपी सबंध जात.

म्हणजे दोन प्रकारचे पट आपल्याकडे आहेत. एकात पोलिस खलनायक आणि समाज निष्पाप. त्यात जातपंचायत दिसत नाही, दिसली तरी म्हाताऱ्यांची प्रेमळ बैठक म्हणून. दुसऱ्यात जातपंचायत खलनायक आणि पोलिस, कायदा, शहर हे सोडवणारे. भाटनगरसारख्या वस्तीतल्या बाईला या दोन्हींत जागा नाही, कारण ती दोन्हींच्या मध्ये उभी आहे. पंचांविरुद्ध तक्रार करायची तर तिला ज्या चौकीची पायरी चढावी लागते, तिच्याच गाडीने काल तिच्या भावाला उचललेले असते. तक्रार केली तर घरचे म्हणणार, आधीच आपल्यावर शिक्का आहे, तू आणखी पोलिस घरात आणलेस. नाही केली तर आपण कार्यकर्त्या म्हणणार, बायका पुढेच येत नाहीत.

आणि कुणाला वाटत असेल की पंचायत मागासलेली आणि कायदा पुढारलेला, तर मथुरेची आठवण ठेवावी. २६ मार्च १९७२, देसाईगंजचे पोलिस ठाणे. आदिवासी मुलगी, अत्याचार करणारे पोलिस. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय होती असे म्हटले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, १९८३ मध्ये कायदा बदलला. आपल्या चळवळीतल्या कितीतरी जणी त्या पत्राच्या लेकी आहेत. त्या खटल्यातही वैद्यकीय तपासणीत दोन बोटांचा दाखला होताच. पंचांपुढे चादर, न्यायाधीशांपुढे डॉक्टरचा कागद. प्रश्न एकच, बाई 'चांगली' होती का. ही दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल असे पुन्हा बजावावे लागले. कोठडीतल्या स्त्री आरोपीची कौमार्य चाचणी घटनाबाह्य आहे, हे दिल्लीच्या उच्च न्यायालयाने सांगितले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. तेही एका जोगिणीच्या खटल्यात, जिची चाचणी सीबीआयच्या तपासात २००८ मध्ये झाली होती. ख्रिस्ती जोगीण, दिल्लीचे न्यायालय, देशातली सर्वांत मोठी तपासयंत्रणा! भाटनगरच्या पंचांवर नाक मुरडणाऱ्यांनी या तारखा जुळवून पाहाव्यात. डॉक्टरांच्या अभ्यासक्रमातून कौमार्याची 'लक्षणे' काढून टाकण्यासाठी सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांना पाठपुरावा करावा लागला आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ती काढली तेव्हा २०१९ उजाडले होते.

माझे म्हणणे म्हणून असे: जातपंचायतीचा पट आणि पोलिसांचा पट वेगवेगळ्या बैठकांत दाखवू नका. एकाच दुपारी, एकामागून एक दाखवा. आणि कुणाला दाखवता याचाही विचार करा. विमुक्तांच्या वस्तीत जाऊन त्यांना पोलिस कसे मारतात हे पडद्यावर दाखवणे म्हणजे कोळ्याला समुद्र दाखवणे. हे पट वकील संघटनेत दाखवायला हवेत, पोलिसांच्या प्रशिक्षणात, हाउसिंग सोसायटीच्या महिला मंडळात, जिथे मोलकरणीच्या पिशव्या फाटकावर तपासण्याचा ठराव एकमताने होतो. आपल्या स्वतःच्या कार्यकारिणीतही. तिथे बसलेल्या किती जणींच्या घरी विमुक्त समाजातली बाई कामाला चालेल, हे पट संपल्यावर हळूच विचारता येईल.

वस्तीत मात्र पटाच्या नंतरचा तास महत्त्वाचा. चर्चा म्हणजे 'तुम्हाला काय वाटले' एवढ्यावर थांबू नये. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत स्त्री पोलिस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. हे २००५ च्या दुरुस्तीने आले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. साक्षीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचे. अटकेनंतर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करायचे. आणि बाईला मोफत वकील मिळतो तो उत्पन्नाचा दाखला न मागता. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात तशी सोयच आहे. यातले पुष्कळसे मिळाले ते कुणीतरी आत जाऊन पाहिले म्हणून. पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांना भेटल्या; पाच जणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि १९८३ मध्ये बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांच्यावर स्त्री शिपाई, चौकशीला स्त्री पोलिस हजर, असे आदेश झाले. आपल्याच काळातले उदाहरण सुकन्या शांता यांचे. तुरुंगात कामे जातीवरून वाटली जातात, हे त्यांनी पत्रकार म्हणून आधी लिहिले, मग स्वतः अर्जदार झाल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतले ते नियम रद्द केले. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये असेही त्या निकालात पोलिसांना बजावले आहे. या निकालावर मराठीत एक दहा मिनिटांचा पट कुणी करेल का? तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना, एवढे एकच दृश्य पुरे.

चित्रीकरण कुणी करायचे, हाही प्रश्न आहेच. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाने गुडघा रोवला, तेव्हा दुकानात निघालेल्या डार्नेला फ्रेझर या सतरा वर्षांच्या काळ्या मुलीने मोबाइल धरून ठेवला. पोलिसांच्या पहिल्या पत्रकात माणूस आजाराने दगावल्यासारखे लिहिले होते. मुलीच्या चित्रणाने ते खोटे पाडले. पुढच्या वर्षी पुलित्झर मंडळाने तिचा खास गौरव केला. तिने पटकथा लिहिली नव्हती, कॅमेरा फक्त हलू दिला नाही. पण आपल्या वस्तीतल्या पोरीला 'धर मोबाइल' असा सल्ला देताना जपून. मोबाइल हिसकावला जातो, कामात अडथळा आणल्याची केस होते, आणि मग तिच्यासाठी चौकीबाहेर बसायला घरातली कोणती बाई मोकळी असते?

सरकारने मात्र स्वतःच कॅमेरा लावलेला असायला हवा. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्येक पोलिस ठाण्याच्या फाटकापासून कोठडीपर्यंत, आवाजासह आणि रात्री दिसेल असे कॅमेरे लावा, आणि चित्रण अठरा महिने जपा. तेवढी सोय नसेल तरी वर्षभर. ठाण्यात मारहाण झाली तर मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते आणि आयोगाला ते चित्रण मागवता येते. कॅमेरे लागले की नाही आणि चालू आहेत की नाहीत, याची न्यायालयाला सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली, यावरून काय समजायचे ते समजावे. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर आंदोलन झाले आणि धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायदा शिकणारा तरुण सापडला. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मेला. आजारपणाने गेला असे सरकारी बाजूचे म्हणणे होते; शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे कारण आले. त्याची आई, विजयाबाई, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने गुन्हा दाखल करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेले, तिथेही तो आदेश टिकला. या प्रकरणावर पट निघतील, निघावेत. त्यांत विजयाबाई फोटो हातात धरून रडणारी आई म्हणून येते, की याचिकाकर्ती म्हणून, एवढे मी आधी पाहीन.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. संघटनेच्या प्रत्येक वस्ती-गटाने आपल्या भागातल्या ठाण्यात कॅमेरे आहेत का, हे माहितीच्या अधिकारात विचारावे; अर्ज मराठीत, साध्या कागदावर, दहा रुपयांत होतो. चित्रण कायम राहत नाही, म्हणून वेळ दवडू नये. कुणाला नेले तर त्याच दिवशी तारीख, वेळ, ठाण्याचे नाव आणि गाडीचा नंबर चौकीबाहेरच्या बाईकडे लिहिलेला असला पाहिजे. तिला लिहिता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोरीकडून लिहून घ्यावा, आणि कागद डब्याच्या पिशवीत न ठेवता घरी ठेवावा, कारण पिशवी तपासली जाते.